वाकलेली माणसं

घाटंजीच्या रस्त्यावर एका वळणाला, पळसाखाली, गोट्यांचा ढीग होता. माझा आतेभाऊ तिथं ट्रकखाली गेला. तेव्हापासून येणारा-जाणारा एक गोटा ठेवूनच पुढं जायचा. आमच्याकडे तशी रीत आहे. मग रस्ता रुंद झाला, पळस गेला आणि ढीग मशीनने उचलून कुठल्याशा भरावात टाकला. टाकणाऱ्याला काय, गोटे ते गोटे. मला अजून राग येतो.

आत्याने मग माझा पिच्छाच पुरवला. मी शाळेत चित्रकला शिकवतो, तर ती जागा मी काढून द्यायची. लोक तिच्या पोरासाठी गोटे ठेवताहेत असं चित्र तिला भिंतीवर हवं होतं, निदान घरात तरी कोणी त्याला विसरू नये म्हणून. माझं घोडं अडलं माणसांपाशी. झाडं-डोंगर मला जमतात, माणसं ओंडक्यासारखी होतात. म्हणून इटलीतल्या जुन्या चित्रांचं जाडजूड पुस्तक उघडून बसलो होतो. समोरच्या पानावर एक ख्रिस्ती संत गुडघ्यांवर बसलेला, भोवती हातात दगड घेतलेली माणसं. मागे हिरवी दरी, शेतं, नदी, पूल, चरणारी मेंढरं.

आत्या चष्मा पुसून शेजारी बसली. आधी तिने वावरं पाहिली, पाणी बरं आहे म्हणाली. मग तिचं बोट त्या माणसांवर थांबलं.

"तिकडं बी ठेवतेत वाटते गोटे," ती म्हणाली. "पण तो तं जित्ता हाय अजून. हे इतक्या लवकर काहून आले?"

मला थाप मारता येईना. तो आपला धर्म सोडत नाही म्हणून त्याला दगडांनी मारताहेत, असं सांगितलं. ती बराच वेळ त्या मेंढरांकडे पाहत राहिली. मारणाऱ्यांकडे तिने पुन्हा पाहिलं नाही.

"माह्या चित्रात कोनाचा हात वर नोको काढू," ती म्हणाली. "सारे वाकलेले काढ."

तसंच काढलं, जीव ओतून काढलं. माझी माणसं पहिल्यांदाच माणसांसारखी झाली. आत्याने ते फ्रेम करून दारासमोर टांगलं. पण आमच्याकडे पेरणीआधी बाया-माणसं वावरातले गोटे वेचतात, तीही अशीच वाकून. येणाऱ्या प्रत्येकाला चित्रात तेच दिसतं. सुरुवातीला आत्या जो येईल त्याला सगळं सांगायची, वळण, पळस, पोरगं. लोक मान हलवायचे आणि सोयाबीनच्या भावावर यायचे. फार वाईट वाटायचं मला. त्या चित्रात मी काय कमी ठेवलं, ते अजून कळलेलं नाही.

परवा शेजारी नवीन राहायला आलेल्या घरातली सून चित्रासमोर थांबली.

"आत्याबाई, वावरातले गोटे येचून राह्यले का हे?"

मी आत्याकडे पाहिलं.

"हो," आत्या म्हणाली. "येचूनच राह्यले." आणि चहा टाकायला आत गेली.