नऊ वाजताची नळी

एक डोळा दुधावर ठेवून घड्याळबाई वेणी घालत होत्या, तोच दार वाजलं. दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालू होती आणि पेशंटांचं रक्त काढायचं काम त्यांच्याकडे होतं. ठरल्या मिनिटाला सुई टोचणार म्हणजे टोचणार, म्हणून हे नाव. वीस वर्षांत कुणी बोट दाखवलं नव्हतं.

दारात चाचणीचं गणित मांडणारी मुलगी उभी.

"मावशी, चार नंबरच्या आजोबांचं गणित बसत नाहीये."

"मग आत ये. उंबऱ्यावर बसणारे का ते?" पेपराआडून नवरा म्हणाला.

मुलीने कागदावर दोन चौकोन काढले. "या दोन खोल्या धरा. ही रक्ताची, ही बाकीच्या अंगाची. औषध हिच्यातून तिच्यात जातं, थोडं परत येतं आणि रक्ताच्या खोलीला मोरी आहे, मूत्रपिंडाची, तिथून बाहेर पडतं. आजोबांचं मूत्रपिंड अधू. पण नऊच्या रक्तात औषध इतकं कमी, की मोरी धो-धो वाहतेय असं दिसतं."

"मग?"

"मग अशा पेशंटांचा डोस वाढवायचा. आज दुपारी ठरेल. आणि मोरी खरंच तुंबलेली असली, तर औषध अंगात साठत जाईल. मी म्हटलं आकडा चुकला असेल. सर म्हणाले, घड्याळबाईंनी काढलंय, चुकणार नाही."

दूध उतू गेलं. नवऱ्यानेच उठून गॅस बंद केला.

त्या दिवशी आजोबांची शीर सापडत नव्हती. दोन्ही हात झाले, गरम पाण्याची पिशवी झाली. रक्त आलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात नऊ पंचवीस झाले होते. नळीच्या लेबलवर मात्र आदल्या दिवशीच नऊ छापलेले. खोडाखोड करायची लाज वाटली आणि नळी तशीच पुढे गेली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "नऊ पंचवीसला काढलं."

"अरे वा, घड्याळही मागे पडतं तर!" नवरा म्हणाला आणि बायकोचा चेहरा बघून ओटा पुसायला लागला.

मुलीने लॅपटॉपवर वेळ बदलली. आलेखातली वाकडी गेलेली रेघ ठिपक्यांवर अलगद येऊन बसली.

"जुळलं! पण मावशी, सरांना तुमचं नाव सांगावं लागेल."

"सांग. मी लिहूनही देते." घड्याळबाईंनी अर्धी वेणी तशीच पाठीवर टाकली आणि पेन मागितलं. "एवढंच कर, लेबलवर वेळ छापू नका. जागा कोरी ठेवा. रक्त आलं की मी लिहीन."