जावयाच्या घामातलं मीठ

आमचे जावई श्रीकांत आमच्याच शहरातल्या विजय नगर भागाचे पोस्टमन. अंगानं काडी, पण कोणत्या गल्लीत कोणाचं पत्र जातं हे झोपेतही सांगतील. खोकला मात्र लहानपणापासूनचा. दोनदा टीबीची औषधं झाली. थुंकीत जंतू एकदाही निघाले नाहीत, तरी झाली. तेव्हापासून ते लेकराबाळांपासून लांबच बसत.

दोन हजार चारच्या वैशाखात माझ्या मुलाला, दिवाकरला, मुलगी झाली. घरातली पहिली नात! सारे बघून आले. जावई अंगणातून, खिडकीतून.

"आत या न, जावईबापू."

"नको मामाजी. इवलीशी आहे. माझं काही लागलं तिला तर?"

माझी लेक विनीता त्यांची बायको. सव्वा महिन्यानं बारसं, आत्या म्हणून नाव तिनंच ठेवायचं, अन् तिचा नवरा दाराबाहेर!

आता माझा पराक्रम ऐका. त्यांच्या खाकी शर्टाच्या पाठीवर रोज पांढरे नकाशे उमटत. एकदा मी बोट फिरवून जिभेला लावलं. नुसतं मीठ! मी शिकलो गावच्या शाळेत चौथीपर्यंत, पण वैद्यकी अंगातच. म्हटलं, देहात मीठ साचलं, तेच छातीत बसून खोकला करून राहिलं. हुकूम सोडला: महिनाभर अळणी जेवण. साधा माणूस, सासऱ्याचं ऐकलं. अकराव्या दिवशी आमच्या इथल्या सदर बाजारात भर उन्हात सायकलसकट आडवे.

दवाखान्यात तरुण, हिंदी बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या. सलाईन लावल्यावर मी सगळं कबूल केलं.

"दादाजी, आपने शर्ट चखा?"

"चखा, बाई."

मला वाटलं हसतील. त्या खुर्ची ओढून बसल्या अन् विचारत गेल्या. खोकला कधीपासून? खाल्लेलं अंगी काहून लागत नाही? मग म्हणाल्या, नागपूरला जाऊन घाम तपासून घ्या. घाम तपासतात हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं!

गेलो तिघं, जावई, विनीता अन् मी. दंडावर काहीतरी लावून घाम काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रक्तही घेतलं. पंधरवड्यानं निकालाला परत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं: सिस्टिक फायब्रोसिस. जन्माचाच आजार, आई-बाप दोघांकडून आलेला. छातीतला कफ चिकट होतो, घामातून मीठ वाहून जातं. यांचा प्रकार सौम्य, म्हणून एकेचाळिसाव्या वर्षी कळला. बरा होणार नाही. औषधं अन् छातीचा व्यायाम रोज, जन्मभर. "आणि हो, मीठ भरपूर खायचं. अळणी कोणी सांगितलं होतं?"

मी छताकडे पाहिलं.

जावयांनी एकच विचारलं, "कोणाला लागतो का?"

"नाही. हा लागणारा आजारच नाही."

"अन् टीबी?"

"तो तुम्हाला नाही."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. घर जवळ आलं, तिलवाऱ्याचा पूल लागला, तेव्हा म्हणाले, "मामाजी, बारसं कोणत्या दिवशी?"

बारशाला पाळणा बांधायच्या आधीच हजर. साबणानं दोनदा हात धुतले, मांडी घातली अन् पोरीला घेतलं. बायका पाळण्याभोवती जमल्या, घुगऱ्या थंड झाल्या, विनीता तीनदा येऊन गेली.

"अहो, द्या न आता तिला! नाव काय तुमच्या मांडीवरच ठेवू?"

"ठेव की," ते म्हणाले. "झोपली आहे."

विनीता खाली बसली अन् वाकून पोरीच्या कानात म्हणाली, "मीरा."