आमचा पश्चिम विभाग

पश्चिमेच्या टार्निटहून पूर्वेला डँडेनॉन्गच्या बाजूला जायचं म्हणजे अख्खं मेलबर्न आडवं कापायचं. आमच्या मुलीची मराठी शाळा तिकडे भरायची, भाड्याने घेतलेल्या एका प्रायमरी स्कूलच्या दोन खोल्यांत, दर रविवारी. दीड तास शाळा आणि त्यासाठी त्याहून जास्त वेळ फ्रीवेवर. वाटेत वेस्ट गेट ब्रिज. आठवडाभर कामासाठी तोच पूल ओलांडायचा आणि सुट्टीच्या दिवशीही तोच. मुलगी मागच्या सीटवर झोपलेली असायची. ती झोपेत शाळेला जायची आणि झोपेत परत यायची. जागा फक्त मी.

आम्ही टार्निटला घर घेतलं तेव्हा इथे अर्धवट रस्ते, उकरलेली माती आणि ‘कमिंग सून’च्या पाट्या होत्या. मराठी घरं मोजकी. गणपती आमच्या गॅरेजमध्ये बसायचा. गाडी बाहेर, बाप्पा आत. आरतीतली जी कडवी पाठ नसायची तिथे सगळे मिळून झांजा जोरात वाजवायचे. कोणी अध्यक्ष नव्हतं, त्यामुळे कोणी रुसायचंही नाही.

पूर्वेला मात्र रीतसर मंडळ होतं. हॉल, विमा, घटना, पदाधिकारी सगळं असलेलं. एका गणपतीत त्यांचे अध्यक्ष कमिटीतल्या दोघांना घेऊन आमच्या गॅरेजात आले. साठीचे गृहस्थ, मूळ पुण्याचे, बोलणं तुपात घोळलेलं. मोदकांची तारीफ करत म्हणाले, ‘‘अरे, तुम्ही असे वेगळे कशाला? आमच्यात या. तुमचा पश्चिम विभाग करू. आणि पुढच्या वर्षी मराठी शाळेचा वर्ग इथे, टार्निटला. शब्द देतो.’’

माझी बायको ताटं उचलता उचलता म्हणाली, ‘‘आधी वर्ग, मग विलीनीकरण.’’ सगळे हसले. अध्यक्षही हसले.

मी तरी हसायला नको होतं. मी अकोल्याचा. जोडून घेताना काय काय बोललं जातं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विदर्भ महाराष्ट्रात आला तेव्हा जे करारमदार झाले, त्यात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला भरवायचं असंही ठरलं होतं. ते भरतं. हिवाळ्यात मंत्री येतात, मोर्चे निघतात, संत्री संपतात आणि मंडळी परत जातात. माझे वडील दर डिसेंबरला पेपर टेबलावर आपटून म्हणायचे, ‘‘आले पाहुणे.’’ अशा घरात वाढलेल्या माणसाने मोदक खाता खाता दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवायचा म्हणजे कमाल आहे. पण मला त्या दिवशी फक्त वर्ग दिसत होता. घरापासून चालत जाण्यासारखा.

मुलगी तेव्हा दुसरीत होती. चाइल्डकेअरला जायला लागली तसं घरातलं मराठी पातळ होत गेलं होतं. भूक मराठीत लागायची, राग इंग्रजीत यायचा. मला फार मोठं काही नको होतं. तिने स्टेजवर उभं राहून श्लोक म्हणावेत आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात, ही हौस मला कधीच नव्हती. पोरीने माझ्याशी मराठीत भांडावं, एवढंच. माणूस ज्या भाषेत भांडतो ती त्याची भाषा, बाकीच्या शिकलेल्या, असं मला अजूनही वाटतं. मी आणि बायकोने इतर घरांना समजावलं, आणि आम्ही मंडळात सामील झालो.

पुढच्या गणपतीला स्टेजमागच्या फ्लेक्सवर मंडळाच्या विभागांची नावं होती. आमचं नव्हतं. फ्लेक्स आधीच छापून झाला होता म्हणाले. चांगल्या प्रतीचा निघाला तो, वर्षानुवर्षं टिकला.

वर्गाचं काय? पहिल्या वर्षी जागा मिळाली नाही. मग जागा मिळाली तर शिक्षिका मिळेना. मग शिक्षिका मिळाली, पण लहान मुलांबरोबर काम करायला इथे सरकारी कार्ड लागतं ते तिचं यायचं होतं. कार्ड आलं तोवर तिच्या नवऱ्याला सिडनीला नोकरी लागली आणि ती तिकडच्या क्वेकर्स हिलला निघून गेली. तोपर्यंत तुमची मुलं इकडे आणा, असं ठरलं. ‘तोपर्यंत’ या शब्दात मी माझे सगळे रविवार घातले. एक मात्र झालं. पश्चिमेचा मान म्हणून वर्षातली एक मीटिंग आमच्याकडे ठेवली गेली, तीही भर जुलैत, म्हणजे इथल्या ऐन थंडीत. मी तिला हिवाळी अधिवेशन म्हणायचो. कमिटीत विदर्भातलं कोणी नव्हतं, त्यामुळे विनोद वाया जायचा. मंडळी भजी खायची आणि अंधार पडायच्या आत पूल ओलांडून घरी जायची.

मुलगी नववीत गेली आणि हा देश कसा जोडला गेला यावर तिला शाळेतून प्रोजेक्ट मिळालं. आता ती गाडीत झोपेनाशी झाली. पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसायची आणि फोनवरून मला वाचून दाखवायची. मी इतकी वर्षं इथे राहिलो, सिटिझनशिपची परीक्षा पास झालो, तरी यातलं मला वरवरचंच माहीत होतं. आधी सहा वेगवेगळ्या वसाहती होत्या. प्रत्येकीचा कर वेगळा, रेल्वेच्या रुळांची रुंदीसुद्धा सगळीकडे सारखी नाही, त्यामुळे सरहद्दीवर माल या गाडीतून त्या गाडीत टाकायचा. पाच जणी एकत्र यायला तयार झाल्या. सहावी, दूर पश्चिमेची, येईना. मध्ये नुसतं वाळवंट, आपल्याला यातून काय मिळणार, असं तिचं म्हणणं.

‘‘सो दे गॉट प्रॉमिस्ड अ ट्रेन, बाबा.’’ मुलगी म्हणाली.

मी स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली. ‘‘पुढे?’’

पुढे राज्यघटनेच्या सुरुवातीला एकत्र आलेल्यांची नावं घातली गेली, त्यात पश्चिमेचं नाव नाही. तिचं ठरायच्या आधीच मजकूर पक्का झाला होता. शेजारचं न्यूझीलंड कधी आलंच नाही, त्याचा उल्लेख मात्र घटनेत आहे. मला आमचा फ्लेक्स आठवला आणि मी इतका मोठ्याने हसलो की ती दचकली. उत्तरेचा मोठा तुकडा दक्षिणेच्या राज्याकडून काढून केंद्राने स्वतःकडे घेतला, आणि तो आजही पूर्ण राज्य नाही. घराला मागून काढलेल्या पडवीसारखा आहे. नवीन राज्यं घेण्याची सोय घटनेत आहे, पण त्या सहांनंतर एकही आलेलं नाही. पश्चिमेने तर नंतर मतदान करून बाहेर पडायचं ठरवलं आणि लंडनकडे दाद मागितली.

‘‘मग?’’

‘‘लंडन वॉज लाइक, नो वरीज, बट नो.’’

‘‘आणि ट्रेन? मिळाली का?’’

‘‘इव्हेन्चुअली.’’

‘‘हे सगळं मराठीत सांग बघू एकदा.’’

‘‘बाबा, प्लीज. आय हॅव टू गेट दिस डन.’’

मराठी शाळेच्या वाटेवर माझी मुलगी माझ्याशी पहिल्यांदाच इतकं भरभरून बोलत होती, आणि त्यात माझ्या भाषेतला ‘बाबा’ सोडून एक शब्द नव्हता. राग कोणावर काढायचा? तिच्यावर काढण्यासारखं काही नव्हतं. ती छान सांगत होती.

राग मी जुलैच्या मीटिंगमध्ये काढला. उभा राहिलो आणि म्हणालो, ‘‘वर्ग द्या, नाहीतर आम्ही बाहेर पडतो.’’ अध्यक्ष अजिबात चिडले नाहीत. ‘‘अरे, पश्चिमेशिवाय मंडळ ही कल्पनाच करवत नाही रे. पुढच्या टर्मला नक्की,’’ म्हणाले, आणि चटणी पुढे केली. मी माझ्या बाजूच्या लोकांकडे पाहिलं. एकाची मुलं मोठी झाली होती, दुसऱ्याने नाद सोडला होता. तिसरा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, ‘‘सोड ना, मेट.’’ माझ्या बंडात मी एकटाच होतो. घरी आल्यावर बायको म्हणाली, ‘‘तुझं बोलून झालं ना? जेवून घे.’’ तिचं ‘आधी वर्ग’ तिने मला एकदाही ऐकवलं नाही, हे तिचे उपकार.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी मी किल्ली घेऊन दारात उभा होतो आणि मुलगी खोलीतून काळा टीशर्ट, काळी टोपी घालून आली. जवळच्या शॉपिंग सेंटरमधल्या बर्गरच्या दुकानात तिला काम मिळालं होतं.

‘‘आय हॅव अ शिफ्ट, बाबा. आय टोल्ड यू.’’

सांगितलं होतं तिने. मी तिला शिफ्टला सोडलं, पाच मिनिटांचा रस्ता. पूल ओलांडायचं कारण उरलं नव्हतं. घरी येऊन मी आडवा झालो तो दुपारी उशिरापर्यंत झोपलो. जाग आली तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्यासाठी गाडी हाकली ते हातातून गेलं होतं, आणि मला विश्रांती मिळाली म्हणून बरं वाटत होतं.

वर्ग या वर्षी आला. कोणी भांडलं नाही, कोणी मागितलाही नाही. टार्निट आता पार पुढच्या शेतांपर्यंत पसरलंय, दर महिन्याला पुण्या-मुंबईची नवी कुटुंबं येताहेत. मंडळाची निम्मी माणसं आमच्या बाजूची झाली, अध्यक्षही इकडचाच निवडून आला. त्याने फोन केला, ‘‘तूच शिकव रे. तुझ्याएवढी तळमळ कोणाला आहे?’’ नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. मी हो म्हणालो.

कम्युनिटी सेंटर आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. पहिल्या रविवारी मुलगी झोपलेली होती, आदल्या दिवशी उशिरापर्यंत शिफ्ट होती तिची. मी एकटाच चालत गेलो. पोरं गोळा झाली होती. मी फळ्यावर ‘अ’ काढत होतो तेवढ्यात मागे गलका झाला. चार-पाच वर्षांची एक मुलगी शेजारच्या पोराला ढकलत होती, ‘‘ए, ऊठ! माझी जागा आहे ती! मी आधी आलेय! तुला कळत नाही का रे?’’ तोही तिला मराठीतच उलट बोलत होता. मी पाठमोराच उभा राहिलो. भांडण सोडवायला वळलो नाही. किती वेळ ऐकत होतो कोण जाणे. शेवटी त्यांचं त्यांनीच मिटवलं.

शाळा सुटल्यावर त्या मुलीचा बाप मला भेटायला आला. तिशीचा, नाशिकहून वर्षभरापूर्वी आलेला, आयटीत. ओशाळून म्हणाला, ‘‘सर, सॉरी हं. घरीपण अशीच भांडते.’’

‘‘भांडू दे,’’ मी म्हणालो.

‘‘पुढच्या वर्षी इथल्या इंग्रजी शाळेत जाईल. टिकेल ना हो मराठी? सगळे घाबरवतात.’’ मग त्याला एकदम धीर आल्यासारखा झाला. ‘‘तुम्ही तर इतकी वर्षं आहात इथे. तुमच्या मुलीचं कसं आहे?’’

‘‘समजतं तिला,’’ मी म्हणालो. ‘‘सगळं समजतं.’’