मोठं हेलिकॉप्टर

मानकोलीच्या गोदामात मी हमाल. तिथं रिमोटवर उडणारी हेलिकॉप्टरं यायची. एकदा हात थरथरणारा एक म्हातारा आला. मी आपला शहाणा, म्हटलं, "लाल न्या काका, नातू खूश होईल."

"नातवाला न्हाय. आमच्या क्लबात हेलिकॉप्टर उडवायची परीक्षा असते, ती माझीच हाय. हवेत एका जागी उभं ठेवून दाखवायचंय. हात पुरते जायच्या आत पास व्हायचंय."

मी शाळाच बघितली न्हाय, म्हणून नापास कधी झालो न्हाय. तरी सल्ला दिला, "मोठं घ्या. छोटं वाऱ्यात एका जागी राहत न्हाय, माशीसारखं भरकटतं."

त्यानं मोठ्याचं पातं बोटानं फिरवून बघितलं.

"हे माझ्या हातून सुटलं तर समोरच्याचं डोकं जाईल. छोटं दे."

"त्यानं नापास व्हाल, काका."

"होईन की," म्हणाला. खोका हातात राहीना, म्हणून छातीशी कवटाळून निघाला.