उपासाचा बाण

लोअर परळच्या ऑफिसात आम्ही मधुमेहाचं ज्ञान एआयसाठी आकृतीत मांडत होतो. प्रत्येक गोष्टीला गोल, प्रत्येक नात्याला बाण. उपासाचा बाण मी बेधडक ‘साखर कमी’ला जोडला होता. पोट रिकामं, दुसरं काय होणार!

संकष्टीला घोडपदेवच्या घरी बसून तेच तपासत होतो. समोर माझी मधुमेही आई बशीभर साबुदाण्याची खिचडी खात होती. स्वतःवरच भडकलो. बाण खोडला आणि नवा बाण साबुदाण्यावरून ‘साखर जास्त’कडे नेला. आकृती अजून कुणा पेशंटपर्यंत पोचली नव्हती, म्हणून जीव भांड्यात पडला.

आईला चूक सांगितली. ती म्हणाली, “तुमच्या ऑफिसात कुणी उपास करत नाही का रे?”

“मी करतो ना,” म्हणत मी खिचडीसाठी बशी पुढे केली.