ठोके ऐकवणारे डॉक्टर

जिवंतांपेक्षा मेलेल्यांत जास्त रमणारा माणूस आमच्या शेजारच्या डॉक्टरांखेरीज अख्ख्या झाडीपट्टीत सापडायचा नाही. तसे ते फार मोठे. आमच्या भागात हृदय तपासायचं पहिलं यंत्र त्यांनीच आणलं. थेट सिरोंच्याहून लोक त्यांच्याकडे यायचे. पण सवयी! लग्नात हात मिळवला की सोडायचेच नाहीत, नाडी बघत बसायचे आणि नवरदेवाच्या बापाला पथ्य सांगून जेवायला जायचे. वीज गेली की दाराशी कोण आलंय ते छातीच्या ठोक्यांवरून ओळखतात, असं गाव शपथेवर सांगे. मी एकदा अंधारात श्वास रोखून उभा राहिलो, तर आतून आवाज आला, "ये, काऊन लपून राह्यला?"

निवृत्त होऊन आमच्या मूल गावी आले ते कॅसेटींचा ढीग घेऊन. पेशंटांच्या काळजाचे आवाज! दिवेलागणीला ओसरीवर स्पीकर लावायचे. धप्-धप्, धप्-धप्. "हे आपले जुने पोस्टमास्तर. गेले बिचारे, पण ठोका पाह्य कसा घड्याळावानी." वाटेवरची माणसं तळ्याकडून वळसा घालून जायची.

माझे बाबा गेले आणि आईनं अन्न टाकलं. डॉक्टरांनी तिला बोलावून आतल्या खोलीत बसवलं, स्वतः पडद्याआड यंत्रापाशी गेले आणि बाबांचे ठोके वाजू लागले. आईनं पदर तोंडाला लावून ऐकलं, आणि घरी येऊन चार घास भात खाल्ला. मग रोजच जाऊ लागली. माझ्या अंगावर काटा यायचा. अहो, बाबांना मी स्वतः अग्नी दिला होता.

एकदा आई निघाल्यावर मी पडदा सारला. यंत्रात कॅसेटच नव्हती. डॉक्टरांच्या सदऱ्यातून वायर निघून स्पीकरला गेली होती.

"तुह्या बापाची कॅसेट पावसात सडली," ते ओशाळून म्हणाले. "बाई जेवून राह्यली ना? मंग चूप बस."

मी चूप बसलो. पण एका संध्याकाळी ठोका अडखळला, थांबला, पुन्हा कसाबसा चालू लागला. आई उठली आणि तिनं पडदा बाजूला केला.

"डॉक्टरभाऊ, कधीपासून असा चालून राह्यला तुमचा?"

डॉक्टरांचा चेहरा पडला. "तुमाले ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. जन्मभर त्यायच्या बाजूले निजली मी. तुमी सगळ्यायचं ऐकलं, तुमचं ऐकाले कोणी नाई, म्हणून येत होती. आता चला नागपूरले."

ते निमूटपणे आले. त्यानंतर बरीच वर्षं टिकले, यंदा धान रोवण्याच्या दिवसांत गेले. मला त्यांची फार आठवण येते. आईला येते का, हे विचारायची तर माझी हिंमतच होत नाही.