वरच्या गाठी स्वच्छ आहेत

डॉ. व्यंकोबराव यांच्याशी माझी ओळख भांडणाने झाली. पन्नासच्या दशकाची सुरुवात होती. बंगळुरात मी नवा सर्जन, ते आमच्या इस्पितळाचे पॅथॉलॉजिस्ट. गुदाशयाच्या कॅन्सरचा काढलेला भाग त्यांच्याकडे पाठवला आणि लगेच निकाल मागायला गेलो. "गाठी शोधतोय, स्वल्प थांबा," म्हणाले. थांबणं माझ्या स्वभावात नाही. चांगलीच हुज्जत घातली.

पण त्यांची रीतच तशी. आतड्याभोवतीच्या चरबीत लसिकाग्रंथी, आम्ही ज्यांना गाठी म्हणतो त्या, दडलेल्या असतात. डाळीतला खडा चाचपावा तशा ते डोळे मिटून बोटांनी त्या शोधत. रोग गाठींत शिरलेला नसेल तर रोग्याला पुष्कळ आशा. जवळच्या गाठीत शिरला असेल तर कमी. रक्तवाहिनीच्या मुळाशी असलेल्या वरच्या गाठींपर्यंत पोचला असेल तर फारच थोडी. "सापडल्या नाहीत म्हणजे नाहीतच, असं कुणी सांगितलं?" असं ते विचारत. माझी हुज्जत संपली आणि मी त्यांना अण्णा म्हणू लागलो.

पुढे काही वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीलाच, येलहंक्याच्या अक्काला, हा रोग झाला. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलेलं. शस्त्रक्रिया माझ्या वरिष्ठांनी केली. अण्णांच्या हाती लागलेल्या थोड्या गाठी स्वच्छ निघाल्या. मी म्हटलं, "झालं की अण्णा! द्या लिहून."

"सरी, ठीक आहे, पण वरच्या अजून मिळाल्या नाहीत."

असा संताप आला म्हणून सांगू! तिकडे भावोजी देवापुढे नारळ फोडायला निघालेले, आणि हे गृहस्थ पुन्हा चरबी चाचपत बसलेले.

अखेर अण्णा स्वतः अक्काच्या खाटेशी आले. असा निरोप ते कधी दुसऱ्याच्या हाती धाडत नसत. "अक्का, आतड्यालगतची एक गाठ वाईट निघाली. वरच्या मिळाल्या, त्या सगळ्या स्वच्छ आहेत."

"म्हणजे लेकीचं, शारदेचं लग्न बघेन मी?"

"वचन देत नाही. पण स्थळं बघायला लागा."

भावोजींनी नारळ उचलला. मी तर रडलोच, त्यात लाज कसली!

अक्का घरी आली, पण आता तिच्या पोटावर शस्त्रक्रियेत काढलेला मलमार्ग होता. "मी सोवळ्यातली राहिले नाही," म्हणून ती स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडेना. कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. अण्णांचं स्वतःचं सोवळं कडक. तरी एका रविवारी यशवंतपूरहून ते आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "अक्कांच्या हातचा भात असेल तर जेवतो, नाहीतर निघतो." अक्काची त्रेधा उडाली! पण पाटावरून उपाशी कोण उठू देईल? तिने हात धुतले, पदर खोचला, चूल पेटवली. जेवताना अण्णा एवढंच बोलले, "आमटीत मीठ कमी आहे."

"हवं तर वरून घ्या!" अक्का फणकारली. कित्येक महिन्यांनी ते घर हसलं.

आज अण्णांची साठी. शारदेची मुलं शाळेत जातात. आपण सारे अण्णांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य चिंतीत आहोतच. पण मी लेख लिहितोय हे कळताच अक्का म्हणाली, "त्यांच्याहून मी मोठी, तेव्हा आशीर्वाद माझा घाल. म्हणावं, माझ्याएवढे म्हातारे व्हा. आणि मी काही इतक्यात थांबत नाही."